फ्लँज फेस आणि गॅस्केट

बॉयलर, प्रेशर व्हेसल, हीट एक्स्चेंजर यांना पाइप जोडताना दोन फ्लँज (पाइपच्या टोकाच्या, बोल्टांची भोके असलेल्या चकत्या) बोल्टांनी आवळतात आणि मध्ये गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, घालतात. लेथवर कितीही नीट काढलेल्या फेसवर, म्हणजे फ्लँजच्या भिडणाऱ्या पृष्ठभागावर, बारीक खाचा राहतातच. बोल्टच्या ताणाने दबलेले गॅस्केट त्या भरून काढते. पण आतला दाब चढला की तो फ्लँजना एकमेकांपासून लोटतो आणि गॅस्केटवरचा भार उतरू लागतो. त्या वेळीही पुरेसा भार उरला, तरच जोड टिकतो. एएसएमई या यांत्रिक अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेच्या प्रेशर व्हेसल संहितेत यासाठी प्रत्येक गॅस्केटला दोन आकडे दिले आहेत: ‘वाय’ म्हणजे गॅस्केट नीट बसायला लागणारा दाब आणि ‘एम’ म्हणजे चालू स्थितीत आतल्या दाबाच्या किती पट भार त्यावर हवा ते.

सर्वांत प्रचलित तो रेज्ड फेस, म्हणजे मधला भाग उंच असलेला फेस. क्लास (फ्लँजची दाब पेलण्याची श्रेणी) १५० आणि ३०० मध्ये हा उंचवटा २ मिमी, त्यावरच्या क्लासमध्ये ७ मिमी असतो. त्याच्यावर मुद्दाम बारीक गोल रेघा ठेवतात, खडबडीतपणा ३.२ ते ६.३ मायक्रॉन. या गोल रेघा गॅस्केटला धरून ठेवतात. खरा घात करतो तो आतून बाहेर जाणारा आडवा ओरखडा, कारण गळतीला तीच सरळ वाट मिळते. जुने गॅस्केट छिन्नीने खरवडताना असे ओरखडे हमखास पडतात.

उंचवटा नसलेला फ्लॅट फेस मुख्यतः बिडाच्या पंपांवर आणि व्हॉल्व्हवर आढळतो. त्याला पोलादी रेज्ड फेस जोडून आवळले तर बिडाची कड वाकते आणि तडकते. म्हणून समोरचा उंचवटाही उतरवतात व बोल्टच्या भोकांपर्यंत पसरणारे पूर्ण गॅस्केट घालतात. टंग अँड ग्रूव्ह (एका फ्लँजवर कंगोरा, दुसऱ्यावर खाच) प्रकारात गॅस्केट खाचेत कोंडलेले असते. जास्त दाबाच्या लाइनवर आणि तेलविहिरींच्या मुखाशी रिंग जॉइंट वापरतात. त्यातली लंबगोल किंवा अष्टकोनी छेदाची धातूची रिंग फ्लँजपेक्षा मऊच हवी, म्हणजे रिंग दबते आणि ती बसते ती फ्लँजची महागडी खाच वाचते.

शीट गॅस्केट पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉसचे असे. आता अ‍ॅरामिड तंतू (केव्हलारसारखे कृत्रिम), ग्रॅफाइट किंवा पीटीएफई (टेफ्लॉन) वापरतात. पीटीएफईला बहुतेक रसायने बाधत नाहीत, पण भाराखाली, विशेषतः उष्णतेत, ते हळूहळू पसरते आणि बोल्ट सैल पडतात. स्पायरल वाउंड गॅस्केटमध्ये धातूची पट्टी व ग्रॅफाइटसारखा भराव एकत्र गुंडाळलेला असतो. बाहेरच्या रिंगवरचा पिवळा रंग ३०४ स्टेनलेस, हिरवा ३१६एल. त्यावरचे राखाडी पट्टे ग्रॅफाइटचे, पांढरे पीटीएफईचे. रिंग गुंडाळीपेक्षा पातळ असते, त्यामुळे गॅस्केट मर्यादेबाहेर चेपले जात नाही.

बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आणि टप्प्याटप्प्याने आवळावेत: आधी सुमारे ३० टक्के, मग ६०-७०, शेवटी पूर्ण. एकदा दबलेले गॅस्केट पुन्हा वापरू नये. गळती दिसली म्हणून दाबाखालच्या लाइनवर पाना लावणे तर जिवावर बेतणारे: एक बोल्ट तुटला की त्याचा भार शेजारच्यांवर जातो आणि गॅस्केट उडू शकते. आधी दाब उतरवावा, मगच जोडाला हात लावावा.