गेम-वॉर्न जर्सी (बास्केटबॉल)

गेम-वॉर्न जर्सी म्हणजे खेळाडूने खऱ्या मॅचमध्ये अंगात घालून खेळलेली जर्सी. असल्या जर्सी, त्यातही रेकॉर्डवाल्या बास्केटबॉलपटूंच्या, शोधून विकत घेणं आणि जपणं हा मुख्यतः अमेरिकेतला एक भयंकर महागडा छंद आहे. दुकानात मिळते ती रेप्लिका, तिचा इथे संबंध नाही. टीमने खेळाडूसाठी बनवून घेतली पण त्याने मॅचमध्ये घातलीच नाही तर ती टीम-इश्यूड, आणि खरी गंमत इथेच आहे, कारण ही आणि गेम-वॉर्न शेजारी ठेवल्या तर कापड, शिलाई, साइज सगळं सेम, भावात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. म्हणजे कापडाचे पैसे थोडेच, बाकी सगळे पुराव्याचे.

भाव कुठवर जातो तर मायकेल जॉर्डनने १९९८ च्या एनबीए (अमेरिकेतली मुख्य बास्केटबॉल लीग) फायनल्सच्या पहिल्या मॅचला घातलेली शिकागो बुल्सची लाल जर्सी सप्टेंबर २०२२ मध्ये सदबीजच्या लिलावात १ कोटी ९१ हजार डॉलरला गेली, तेव्हाच्या रेटने साधारण ८० कोटी रुपये! आणि ती मॅच बुल्स ओव्हरटाइममध्ये ८८-८५ अशी हरले होते बरं का, पण तो जॉर्डनचा बुल्सकडून शेवटचा सीझन, त्यामुळे हारजीत कोण बघतो. खेळातल्या गेम-वॉर्न वस्तूंचा हा तेव्हाचा उच्चांक, तो २०२४ मध्ये बेसबॉलच्या बेब रूथच्या १९३२ च्या जर्सीने २ कोटी ४१ लाख डॉलरवर नेऊन ठेवला. बास्केटबॉलमध्येच कोबी ब्रायंटची २००७-०८ च्या एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला त्या) सीझनची जर्सी ५८ लाख डॉलरला गेली, विल्ट चेंबरलेनची १९७२ च्या फायनल्समधली ४९ लाख डॉलरला. त्या सीझनमध्ये चेंबरलेनच्या टीमने, म्हणजे लेकर्सनी, सलग ३३ मॅच जिंकल्या होत्या, तो रेकॉर्ड अजून कुणाला मोडता आलेला नाही.

जर्सी खरी हे ठरवायची आजची मुख्य पद्धत फोटोमॅचिंग. जुनी जर्सी जाळीच्या कापडाची, तिला बारीक बारीक भोकं, आणि वर नंबर शिवताना त्याची कड कुठल्या भोकाच्या मधून जाते ते प्रत्येक जर्सीत वेगळं येतं. मग मॅचचे हाय-रिझोल्यूशन फोटो घ्यायचे आणि ३ च्या खालच्या टोकाला अर्धं भोक झाकलंय का, शिलाईचा एखादा टाका तिरका गेलाय का, काखेजवळ धागा निघालाय का, हे भिंगाखाली जुळवत बसायचं. जुळलं तर भाव कुठल्या कुठे जातो, आणि फोटो नसेल तर 'शैली आणि खुणांवरून खरी वाटते' एवढंच सर्टिफिकेट हातात पडतं. घामाचे डाग, धुण्याने फिकट झालेलं लेबल, दुसऱ्याचं नाव उसवून नवीन शिवल्याची खूण, या गोष्टी एरवी कपडा टाकून द्यायला पुरेशा, इथे मात्र त्यांचीच किंमत वाढते.

म्हणूनच जुन्या रेकॉर्डचा घोळ होतो. चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला हर्शी, पेनसिल्व्हेनिया इथे न्यूयॉर्कच्या निक्स टीमविरुद्ध एकट्याने १०० पॉइंट केले, पण त्या मॅचचं व्हिडिओ नाहीच आणि फोटो अगदी मोजके, मग जुळवायचं कशाशी? त्याच मॅचचा म्हणून एक बॉल २००० मध्ये साडेपाच लाख डॉलरला विकला गेला, नंतर तो तोच बॉल आहे का यावर वाद पेटला आणि पुन्हा विकला तेव्हा ६८ हजार डॉलरच्या आसपासच आले. याच्या उलट उदाहरण जॉर्डनचंच: १४ फेब्रुवारी १९९० ला ऑर्लँडोत त्याची २३ नंबरची जर्सी चोरीला गेली आणि तो विनानावाची १२ नंबरची घालून खेळला, ४९ पॉइंट केले. तसला फोटो ओळखायला भिंग लागत नाही.

पूर्वी टीमकडे खेळाडूमागे दोन-चार जर्सीच असायच्या, त्याच धुऊन सीझनभर वापरायच्या आणि नंतर सरावाला काढायच्या, त्यामुळे जपून ठेवलेला माल कमी. आता मोठ्या मॅचला नवी कोरी जर्सी येते, मॅच संपली की तिला होलोग्राम लागतो आणि लीगच्या पार्टनरमार्फत लिलावाला जाते. व्हिक्टर वेम्बान्यामाची एनबीएतल्या पहिल्याच मॅचची जर्सी तर २०२३ मध्ये, म्हणजे पोराचं तिथलं करिअर जेमतेम सुरू झालं तेव्हाच, ७ लाख ६२ हजार डॉलरला गेली. मला हे जरा अतीच वाटतं, पण घेणाऱ्यांना ती गुंतवणूक वाटते. काही जर्सी बाजारात येतच नाहीत, कारण खेळाडू आपसात अदलाबदल करतात. ड्वेन वेडने २०१८-१९ च्या निरोपाच्या सीझनमध्ये जवळपास प्रत्येक गावी हेच केलं.

संग्राहकांचा सगळ्यात जास्त राग कार्ड कंपन्यांवर, म्हणजे खेळाडूंचे फोटो छापलेली जमवायची कार्डं विकणाऱ्यांवर. १९९० च्या दशकात अपर डेकने गेम-वॉर्न जर्सी विकत घेऊन, कात्रीने चौकोनी तुकडे करून कार्डात बसवायला सुरुवात केली आणि बाकीच्यांनी लगेच कित्ता गिरवला. यातून शाळकरी पोरालाही स्टारच्या जर्सीचा नखाएवढा तुकडा मिळू लागला हे खरं, पण अख्खी जर्सी कायमची गेली, आणि तुकडा नक्की कुठल्या मॅचचा हे तर बहुतेक कार्डांवर लिहिलेलंही नसतं.