अपेक्षेपलीकडे आणि कुवतीपलीकडे: एक नव्हे!

तर्री-पोह्याच्या ठेल्यावर रणजी क्रिकेटचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, "विदर्भ तेव्हा कुवतीबाहेर खेळला बे." माझा घास तिथेच अडतो.

अपेक्षेपलीकडचं सगळ्यांना कळतं. लोकांनी साठ धरले, तुम्ही ऐंशी काढले, झालं. (निकालाआधी "पेपर कठीण गेला" म्हणत फिरणारे यात धरू नका, ते मुद्दाम अपेक्षा पाडून ठेवतात.) घोळ पुढे आहे. त्याच ऐंशीला लोक कुवतीबाहेरचं म्हणतात. अहो, अपेक्षा बघणाऱ्याच्या डोक्यात असते, कुवत करणाऱ्याच्या अंगात. साठ हा तुमचा अंदाज होता आणि तो चुकला, एवढंच.

2017-18 चा उपांत्य सामना घ्या. विदर्भाविरुद्ध कर्नाटकला जिंकायला 198 धावा हव्या होत्या, 192 वर सगळे बाद. आपला गोलंदाज रजनीश गुरबानीचे त्या डावात 7 बळी. मग इंदूरला अंतिम सामन्यात दिल्लीविरुद्ध त्याची हॅटट्रिक आणि आपलं पहिलं विजेतेपद. पाच धावांच्या विजयात नशिबाचा वाटा मी बिनशर्त देतो. पण कर्णधार फैझ फझलच्या हंगामभरातल्या 912 धावा कोणत्या नशिबाच्या खात्यात टाकता?

खरी पारख पुढच्या खेपेला होते. कुवतीबाहेरचं काही एकदा घडलं, तर नंतर गाडी बहुतेक वेळा मूळ पातळीकडे येते. कुवतीतलंच असेल तर टिकतं. 2018-19 च्या अंतिम सामन्यात नागपूरच्या जामठा मैदानावर सौराष्ट्राला 78 धावांनी हरवलं. 2024-25 मध्ये तिथेच केरळविरुद्ध पहिल्या डावातल्या आघाडीवर तिसऱ्यांदा करंडक. आता तरी 'चमत्कार' हा शब्द आवरा.

उलटा घोळ मात्र माणसाला महागात पडतो. आमच्या ऑफिसात मार्चएंडला एका पोरीने दोघांचं काम एकटीने ओढलं. रात्री साडेनऊला तिचा दुपारचा डबा उघडायचा, भाजीला वास सुटलेला. हे खरोखर कुवतीबाहेरचं होतं, महिनाभर निभलं. साहेबांना वाटलं, आपलाच अंदाज कमी पडला. एप्रिलपासून तोच आकडा तिचं टार्गेट झाला.

जूनमध्ये साहेब मला विचारतात, "काहून हो, पोरीचं मन नाही लागत का आता कामात?"