काचेतील लेसरलिखित तरंगमार्गदर्शक

पारदर्शक काचेच्या आत फेम्टोसेकंद (सेकंदाचा दहा लाख-अब्जावा भाग) लेसरचा झोत एकवटून तेथील अपवर्तनांक (काचेत प्रकाश किती मंदावतो याचे माप) कायमचा बदलणे आणि त्या बदललेल्या रेषेतून, म्हणजे तरंगमार्गदर्शकातून, प्रकाशाला वाट करून देणे, ही एकात्मिक प्रकाशिकीतील (एकाच लहान तुकड्यात प्रकाशाचे मार्ग व घटक बांधण्याच्या शाखेतील) एक निर्मितिपद्धती आहे. जपानमधील डेव्हिस, मिउरा, सुगिमोतो आणि हिराओ यांनी १९९६ मध्ये ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर वापरून सिलिका, बोरेट, सोडा-लाइम सिलिकेट व फ्लोरोझिर्कोनेट अशा निरनिराळ्या काचांत या रेषा आखून दाखवल्या.

निकट अवरक्त प्रकाश काचेतून एरवी न शोषता निघून जातो, कारण त्याच्या एकट्या फोटॉनची ऊर्जा काचेतील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास पुरत नाही. मात्र शंभरेक फेम्टोसेकंदांचा स्पंद (प्रकाशाचा क्षणिक ठोका) सूक्ष्मदर्शकाच्या वस्तुभिंगाने काही मायक्रोमीटरच्या ठिपक्यात आणला, की तीव्रता इतकी वाढते की अनेक फोटॉन एकदम शोषले जातात. त्यामुळे बदल नाभीपाशीच (झोत एकवटतो त्या बिंदूपाशीच) घडतो आणि वरचा पृष्ठभाग शाबूत राहतो. मंचावर काच सरकवत नेली की रेषा तयार होते. ती खोलीतही वळवता येते, जे सपाट थरांवर चालणाऱ्या फोटोलिथोग्राफीला (प्रकाशाने थरावर आकृती उमटवण्याच्या पद्धतीला) सहज जमत नाही. झोत आडवा देऊन काढलेल्या रेषेचा छेद मात्र झोताच्या दिशेने लांबट होतो, म्हणून वस्तुभिंगापूर्वी अरुंद फट ठेवून तो गोलाकार करतात.

खरा प्रश्न काचेचा आहे. शुद्ध सिलिकात योग्य मात्रेत अपवर्तनांक वाढतो; ऊर्जा जास्त झाली की सूक्ष्म जाळीसारख्या रचना किंवा पोकळ्या उद्भवतात. बोरोसिलिकेट काचेत स्पंद इतक्या भराभर देता येतात की आधीच्या स्पंदाची उष्णता निवण्यापूर्वी पुढचा येऊन पोहोचतो. नाभीभोवतीची काच वितळून पुन्हा घट्ट होते आणि रेषा नाभीपेक्षा रुंद बनते.

झिब्लान या फ्लोरोझिर्कोनेट प्रकारच्या फ्लोराइड काचेत बऱ्याचदा उलटे घडते. लेसरने स्पर्शिलेल्या जागी अपवर्तनांक घटतो; प्रकाश मात्र भोवतालापेक्षा जास्त अपवर्तनांकाच्या भागातच धरून ठेवला जातो, तेव्हा त्या रेषेतून तो नेता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे कमी अपवर्तनांकाच्या अनेक समांतर रेषा वर्तुळाकार आखून मधली अस्पर्शित काच गाभा (प्रकाश वाहून नेणारा भाग) म्हणून वापरणे. अशा रचनेचा थुलियमयुक्त (थुलियम हे प्रकाश उत्सर्जित करणारे मूलद्रव्य मिसळलेला) झिब्लान लेसर ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवला. गाभ्याला लेसरचा स्पर्शच होत नसल्याने त्यातील थुलियमचे उत्सर्जनगुण जवळजवळ मूळचेच राहतात, हा या मांडणीचा मोठा फायदा मानावा लागेल.

सिलिकाची पारदर्शकता दोन-अडीच मायक्रोमीटरपलीकडे झपाट्याने ढळते. मध्य अवरक्तासाठी म्हणूनच फ्लोराइड आणि कॅल्कोजेनाइड (गंधक, सेलेनियम यांसारख्या मूलद्रव्यांच्या) काचा घेतात. दुर्बिणीतून येणारा बहुप्रकारी (अनेक मोड, म्हणजे प्रवासाच्या अनेक आकृती असलेला) प्रकाश अनेक एकप्रकारी (एकाच मोडच्या) वाटांत विभागणारे फोटॉनिक कंदील हे या तंत्राचे खगोलशास्त्रातील एक ठळक उपयोजन असून, एकेका फोटॉनवर चालणारे पुंज (क्वांटम) परिपथही काचेच्या लहान तुकड्यात या पद्धतीने बांधले गेले आहेत.