मेगापिक्सेल जास्त म्हणजे फोटो भारी?

मोबाइलच्या दुकानात अजूनही पहिला प्रश्न हाच: "कॅमेरा किती मेगापिक्सेलचा?" आकडा मोठा तर फोटो चांगला, ही समजूत काही केल्या जात नाही. जाहिरातवाल्यांना ती जायला नकोच असणार म्हणा.

मेगापिक्सेल ही फक्त ठिपक्यांची मोजदाद आहे. एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख ठिपके. इन्स्टाग्रामवरचा उभा फोटो साधारण १०८० बाय १३५० चा, म्हणजे जेमतेम दीड मेगापिक्सेल. बाकीचे कुणाला दिसणार? शिवाय फोनचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, असतो नखाएवढा. त्यात २० कोटी पिक्सेल कोंबले की प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश थोडाच येतो. म्हणून २०० मेगापिक्सेलवाले फोनही नेहमीच्या मोडमध्ये शेजारशेजारचे १६ पिक्सेल एकत्र करून साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात! अ‍ॅपलने तर २०१५ च्या आयफोन ६एसपासून २०२१ च्या १३ प्रोपर्यंत मुख्य कॅमेरा १२ मेगापिक्सेलवरच ठेवला. तरी फोटो सुधारत गेले, ते मोठा सेन्सर, चांगली लेन्स आणि सॉफ्टवेअर यांच्या जोरावर.

तेव्हा आधी लेन्स पुसा. बोटांचा तेलकटपणा लागला की फोटो धुरकट येतो आणि दिव्यांभोवती प्रकाश फाकतो. घरात असाल तर माणसाचं तोंड खिडकीकडे करा, पाठ नको. डिजिटल झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जा.

मोठा आकडा अगदीच वाया जात नाही. भरपूर उजेडात काढलेला फोटो नंतर कापायचा असेल किंवा मोठा छापायचा असेल, तर तो उपयोगी पडतो.