कांडीवर वळूचा नंबर, गाठीवर काय?

जनावरांच्या दवाखान्यातली ती गोल टाकी मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. झाकण उचललं की पांढरी वाफ, आणि आत उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रव नायट्रोजनमध्ये रेतमात्रांच्या कांड्या. कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. तो पुसला गेला, तर आतलं रेत कितीही उत्तम असो, कांडी बाद.

कर्करोगाच्या गाठींचे नमुने आणि रुग्णांची माहिती जपणाऱ्या ऊतीपेढीत, म्हणजे बायोबँकेत, द्रव नायट्रोजन हाच आणि नियमही तोच.

नमुना बिघडतो तो टाकीत नव्हे, टाकीत जाण्याआधी. शस्त्रक्रियेत गाठीची रक्तवाहिनी बांधली की पेशींचा प्राणवायू तुटतो, पण पेशी लगेच मरत नाहीत. त्या धडपडतात, काही जनुकं चालू करतात, काही बंद. तासाभरानं घेतलेल्या तुकड्यात मग कर्करोगाऐवजी गुदमरण्याच्याच खुणा जास्त दिसू लागतात. म्हणून रक्तवाहिनी बांधल्याची आणि तुकडा गोठवल्याची, अशा दोन्ही वेळा लिहायच्या. अर्ध्या तासात काम उरकलं तर छान. मे महिन्यात पारा ४२ वर असताना ट्रे टेबलावर विसरला, तर तो नमुना सोडूनच द्यावा.

क्रम ठरलेला आहे. गाठ आधी पॅथॉलॉजिस्टच्या हातात. निदानाला लागेल तेवढी त्यांची, उरलेली पेढीची. गाठीचा तुकडा, शेजारचा निरोगी तुकडा आणि ईडीटीएच्या (रक्त साकळू न देणारं रसायन) जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त, असे तीन नमुने हवेत. हेपारिनची नळी नको, तेही रक्त साकळू देत नाही, पण पुढे पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारी चाचणी) अडवतं. तुकडे लहान, अर्ध्या सेंटिमीटरचे करायचे. मोठा तुकडा आतून हळू गोठतो आणि बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. घरगुती फ्रीजरचा इथे उपयोग नाही. उणे ८० अंशांचा चालतो, पण त्याला वीज लागते. नायट्रोजनच्या टाकीला लागत नाही, फक्त पातळी मोजून भरणा करत राहावं लागतं. साध्या कागदाचं लेबल या थंडीत गळून पडतं.

तालुक्याच्या ठिकाणी गोठवण्याची सोय नसते, तिथे फॉर्मेलिन, म्हणजे ऊती टिकवणारं द्रावण, आणि मग तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक. त्यात कमीपणा नाही, फक्त फॉर्मेलिन बफर घातलेलं, दहा टक्क्यांचं आणि तुकड्याच्या निदान दहापट हवं. बफर नसेल तर ते आम्ल होतं आणि डीएनएचे बारीक तुकडे करतं. सहा तासांहून कमी ठेवलं तर आतला भाग कच्चा राहतो, तीन दिवसांहून जास्त ठेवलं तर पुढच्या चाचण्या अडतात. शनिवारी काढलेली गाठ सणाची सुट्टी लागून बुधवारपर्यंत डब्यात राहते, ती अशीच वाया जाते.

आता माहिती. 'तंबाखू: होय' एवढ्यानं काही कळत नाही. मिश्री की गुटखा, गालात कुठल्या बाजूला, किती वर्षं? गावाचं नाव 'पिंपळगाव' लिहिलं तर कुठलं पिंपळगाव? तालुका लिहिला नाही, तर एकच माणूस दोन दवाखान्यांत दोनदा मोजला जातो. सगळ्यात अवघड पुढचा पाठपुरावा. बीडचं ऊसतोड कुटुंब दिवाळीनंतर कारखान्यावर जातं आणि सहा महिने फोन लागत नाही. रुग्ण जगला की गेला हेच कळलं नाही, तर गोठवलेल्या तुकड्याचं मोल निम्मं होतं.

पाठपुरावा जमतो, हे याच भागानं दाखवलंय. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून बार्शीसोबत परंडा आणि भूम तालुक्यांतल्या गावांत फिरून रुग्ण शोधते. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा आठ वर्षं मागोवा घेतला गेला. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणीनं गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ मध्ये जगाला कळलं.

नाव काढून टाकलं की ओळख लपली, असं मात्र नाही. हजार वस्तीचं गाव, ३४ वर्षांची बाई, हाडाचा कर्करोग. गावात कुणालाही नाव सांगता येईल. म्हणून संशोधकाला गावाऐवजी जिल्हा आणि नेमक्या वयाऐवजी वयोगट द्यायचा, नावाची यादी वेगळ्या कुलपात. संमती मराठीत, वाचून दाखवून घ्यायची, आणि 'नाही' म्हटल्यानं उपचारात फरक पडत नाही हे आधी सांगायचं. नंतर मन बदललं तर पेढीतला नमुना नष्ट करता येतो. आधीच दुसऱ्या प्रयोगशाळेत पोचलेली माहिती परत आणता येत नाही, हेही सहीच्या आधीच सांगायचं.