स्लॅबखालची फट

मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या रुळांखाली नेहमीची खडी नाही. जपानच्या शिंकान्सेन या बुलेट ट्रेनसारखे इथेही रूळ काँक्रीटच्या स्लॅबवर बसवतात. एक स्लॅब साधारण 4.9 मीटर लांब, 2.2 मीटर रुंद, 19 सेंटिमीटर जाड आणि वजनाला सुमारे 3.9 टन. त्याच्या पोटाखाली सिमेंट-डांबराचा काही सेंटिमीटरचा थर असतो. गाडीचा हादरा तो थोडा जिरवतो आणि भार खाली सारखा पोचवतो.

खरी काळजी या थराची. स्लॅबच्या पाठीवरची भेग कॅमेऱ्याला दिसते. थर आणि स्लॅब यांच्यातली मिलिमीटरभर फट वरून दिसतच नाही.

फट पाडण्यात उन्हाचा मोठा हात असतो. दुपारी स्लॅबची वरची बाजू तापून प्रसरण पावते, खालची थंडच राहते. मग स्लॅब मध्यभागी किंचित फुगतो. रात्री उलटं होतं, कोपरे उचलले जातात. हे रोज, वर्षानुवर्षं. सुटलेल्या जागेत पावसाचं पाणी शिरलं की प्रत्येक चाक ते जोराने दाबतं आणि ते पाणी थराचे कण घेऊनच बाहेर येतं. जपानच्या थंड भागात तेच पाणी गोठून फुगतं आणि थराचा भुगा करतं.

घरात फरशी बसवल्यावर गवंडी ती ठोकून बघतो. खाली माल नसेल तर ती पोकळ वाजते. रुळाखालचा स्लॅब तपासण्याची एक पद्धत नेमकी हीच आहे, फक्त कानाऐवजी सेन्सर. छोट्या पोलादी गोळीने ठोका दिला की चांगल्या काँक्रीटमधून लहर सेकंदाला जवळपास 4,000 मीटर वेगाने तळापर्यंत जाते आणि परत फिरते. 19 सेंटिमीटर जाडीत अशा फेऱ्या सेकंदाला दहा हजारांच्या आसपास होतात. मध्येच आडवी भेग असेल तर फेरी आखूड होते आणि स्वर चढतो. स्लॅब खालून सुटला असेल, तर तो ढोलाच्या कातड्यासारखा हलतो आणि खर्जातला आवाज देतो.

स्लॅबच्या आत लहरी सोडणारं रडारही वापरतात, पण काँक्रीटमधल्या वरच्या सळ्या आड येतात आणि बारीक कोरडी फट निसटते. तीच फट पाण्याने भरली की ठळक उमटते, कारण रडारच्या लहरींच्या बाबतीत पाणी आणि काँक्रीट यांच्यात फार मोठा फरक आहे. म्हणून पावसाळ्यानंतर लगेच केलेली रडार तपासणी मला जास्त मोलाची वाटते.

ठोक्याच्या तपासणीला मात्र वेळेचं भान हवं. पहाटे उचललेला कोपरा दुपारी टेकलेला असू शकतो. स्लॅब तोच, ठोकाही तोच, पण उत्तर वेगळं. त्यामुळे तापमान न लिहिलेली नोंद अर्धवटच.

508 किलोमीटरचा दुहेरी मार्ग म्हणजे ढोबळ हिशेबाने दोन लाख स्लॅब. सगळे पुन्हा पुन्हा हाताने ठोकणं शक्य नाही. चाकाजवळ बसवलेले कंपनमापक धावता धावता संशयाच्या जागा दाखवू शकतात. तिथे माणसाने जाऊन ठोका द्यायचा. पण तो आवाज कशाशी ताडून बघायचा? त्यासाठी पहिली गाडी धावण्याआधीच, थर नवा असताना, प्रत्येक स्लॅबचा आवाज त्या वेळच्या तापमानासकट नोंदवून ठेवायला हवा.