युद्धग्रस्त मदतकार्य

युद्धात होरपळलेली माणसे, त्यांची जनावरे आणि त्यांचे जमीन-पाणी सावरण्यासाठी केलेले काम. अन्न, औषधे, निवारा ही त्याची ओळखीची बाजू. चारा, लसीकरण, विहिरींची सफाई आणि सुरुंग काढणे ही कमी ओळखीची, पण तितकीच निकडीची.

बेळगाव सीमाभागापासून रणांगणे लांब आहेत, युद्ध मात्र घराघरांत ठाऊक आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे आणि खानापूर-बेळगाव तालुक्यांत माजी सैनिकांची घरे गावोगाव आहेत. पहिल्या महायुद्धात इराकमधील कूत शहराच्या वेढ्यात (डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६) मराठा पलटणीही अडकल्या होत्या. शिधा संपला तशी फौजेची घोडी-खेचरे कापली गेली. अनेक हिंदी शिपायांनी ते मांस बरेच दिवस नाकारून उपासमार सोसली.

चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना शिवाजी महाराजांनी १६७० च्या दशकात पाठवलेल्या पत्रात, रयतेला त्रास देऊ नका, दाणा, भाजी, गवत बाजारातून विकत घ्या, असा हुकूम आहे. त्याच पत्रात घोड्यांची वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, रात्री दिवे जळते ठेवू नका, उंदराने वात ओढली तर गवत पेटेल, असेही बजावले आहे. रयत, घोडे आणि वैरण एकाच हिशेबात धरणारे हे पत्र या विषयात आधी वाचायला हवे.

चाऱ्याला दुय्यम मदत मानणे ही मोठी चूक आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णा, दूधगंगा, वेदगंगेच्या काठच्या लोकांनी जनावरे उंचवट्यावर, रस्त्याकडेला बांधली आणि तिथेच मुक्काम केला. युद्धातही तसेच घडते. गोठ्याची सोय नसली की घरधनी धोक्याच्या गावातच थांबतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून परतणाऱ्या काही भारतीय विद्यार्थ्यांनी आपली कुत्री-मांजरे मागे टाकली नाहीत. केंद्र सरकारने त्यासाठी आयातीचे नियम शिथिल केले.

उपाशी जनावरापुढे एकदम धान्य टाकले तर पोट बिघडून ते दगावते. म्हणून आधी पाणी, मग थोडा थोडा कडबा किंवा भाताचे पिंजार, आणि दाणा शेवटी. दाटीच्या छावणीत लाळ्या-खुरकत, घटसर्प झपाट्याने पसरतात, त्यामुळे दावणीला बांधण्याआधीच लस टोचतात. मेलेली जनावरे विहिरी-नाल्यांपासून लांब, खोल खड्ड्यात पुरावी लागतात.

युद्धातील जखमी, कैदी आणि नागरिकांना संरक्षण देणारे जिनिव्हा करार १९४९ चे. भारताने त्यांसाठी १९६० मध्ये कायदा केला. पिके, पशुधन व पिण्याच्या पाण्याची साधने नष्ट करण्याला मनाई आणि पर्यावरणाचे संरक्षण या गोष्टी १९७७ च्या पहिल्या जोडकरारात आल्या. भारत त्यात सामील झालेला नाही, ही उणीव भरून निघायला हवी.

जमिनीची जखम सर्वांत उशिरा भरते. १९९१ मध्ये कुवेतच्या ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या. आगी विझवायला कित्येक महिने लागले. ६ जून २०२३ रोजी युक्रेनमधील काखोव्का धरण फुटले, तेव्हा खालची गावे बुडाली आणि वरचे कालवे कोरडे पडले. २००१-०२ मध्ये पंजाब-राजस्थानातील पाकिस्तान सीमेवरच्या शेतांत सुरुंग पेरले होते. ते निघेपर्यंत तिथल्या शेतकऱ्यांना स्वतःच्याच रानात नांगर घालता आला नाही.